कायमस्वरूपी मुंग्या

सुमंतराव देवचक्के यांच्या घरचा टीव्ही चोरीला गेला ही बातमी नगरच्या तोफखाना भागात पसरली, तेव्हा आळीतल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला, की मुंग्यांसकट गेला का?

प्रश्न रास्तच होता. साल चौऱ्याहत्तर. पुण्याजवळ सिंहगडावर मनोरा उभा राहून चार-पाच महिने झाले होते आणि नगरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांत टीव्ही आले होते. पण सिंहगडावरून निघालेलं चित्र नगरला पोचायच्या आधीच वाटेत कुठेतरी बसकण मारायचं. पडद्यावर यायच्या त्या नुसत्या मुंग्या. आवाज मात्र बरा यायचा. त्यामुळे आळीतली पंचवीस-तीस माणसं रोज संध्याकाळी देवचक्क्यांच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसून मुंग्या पाहत आणि आवाजावरून चित्राचा अंदाज बांधत. सरावाने नजर इतकी तयार झाली होती, की डावीकडच्या दाट मुंग्या म्हणजे बातम्या देणारी बाई आणि तिच्या मागच्या विरळ मुंग्या म्हणजे पडदा, हे शेजारचे निवृत्त मास्तर राधाकृष्ण गुरुजी छातीठोकपणे सांगत. दूध घालणाऱ्या छबूबाईंना तर एकदा त्या बाईच्या कानातली कुडी दिसली होती. त्यांचं म्हणणं कुणी खोडून काढलं नाही, कारण खोडून काढायचं तर आपल्याला काय दिसलं ते सांगावं लागलं असतं.

टीव्ही मुंबईचा. सुमंतरावांचे मेव्हणे रविकांत यांनी स्वतःला मोठा घेतला आणि जुना बहिणीकडे पाठवून दिला. तो आल्यापासून सुमंतरावांची चालसुद्धा बदलली होती. एरवी ते जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतले हेडक्लार्क, म्हणजे सगळ्या कचेरीचे भाऊसाहेब. लोकांच्या अर्जांवर शंका काढणे हा त्यांचा पेशा, आणि शंका नसलेला अर्ज त्यांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता. पण टीव्हीपुढे बसले की ते अगदी निःशंक असत.

चोरी झाली तीही अशा वेळी, की चोराला पंचांग येत असावं. सुमंतराव आणि नीलांबरीबाई दोघंही तेव्हा मुंबईला गेले होते आणि तेही टीव्हीच्याच कामाला. रविकांतच्या ओळखीने नीलांबरीबाईंना चक्क टीव्हीच्या महिलांच्या कार्यक्रमात हुलग्याचे शेंगोळे करून दाखवायला बोलावलं होतं. नगरकडची बाई, नगरकडचा पदार्थ. हुलग्याचं पीठ, लसूण, मिरच्या, सगळं त्यांनी घरून नेलं, कारण मुंबईच्या लसणावर त्यांचा विश्वास नव्हता. तिथे डोळे दिपवणारे दिवे, समोर ते एकडोळ्या यंत्र आणि शेजारी गोड आवाजात सतत प्रश्न विचारणारी एक मुलगी. अशा धांदलीत त्यांनी शेंगोळे वळले, फोडणीच्या पाण्यात सोडले आणि शिजवूनही दाखवले.

कार्यक्रम टिपून झाल्यावर ती ताटली सुमंतरावांच्या हातात आली. त्यांनी ती शेवटच्या थेंबापर्यंत संपवली आणि म्हणाले, "चांगले झालेत."

इथेच माशी शिंकली. एकोणीस वर्षांच्या संसारात सुमंतरावांनी जेवणाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. ते जेवत, हात धूत आणि वर्तमानपत्र उचलत. त्यांच्या मते शंका काढली नाही हीच पावती. त्यामुळे "चांगले झालेत" ऐकताच नीलांबरीबाईंना संशय आला. काहीतरी चुकलं असणार, आणि चुकलं असेल तर मीठच. त्या मुलीच्या प्रश्नांच्या नादात पाण्यात मीठ टाकलं की नाही, हे त्यांना काही केल्या आठवेना. परतताना एस.टी. स्टँडवर सुमंतरावांनी नळाला तोंड लावलं ते गाडी हलायची वेळ झाली तरी काढलं नाही. मुंबईच्या उकाड्याला नावं ठेवत ते गाडीत चढले, तेव्हा फेब्रुवारी चालू होता. आळेफाटा येईपर्यंत नीलांबरीबाईंनी चारदा विचारलं, मीठ होतं ना? चारही वेळा त्यांनी एकच सांगितलं, की होतं.

घरी येऊन पाहतात तो टीव्हीच्या जागी तिवई. तिच्यावरचा भरतकामाचा रुमाल चोराने व्यवस्थित घडी करून ठेवला होता.

नीलांबरीबाई मटकन खाली बसल्या. कार्यक्रम दाखवणार होते पुढच्या शुक्रवारी, संध्याकाळी साडेसातला. मध्ये अकरा दिवस.

"अहो, दुसरं काही नको," त्या म्हणाल्या. "मला एकदा मी दिसले पाहिजे. आणि मुंग्यांत नको. मीठ टाकताना हात दिसला पाहिजे."

एकोणीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. सुमंतरावांनी सांगून टाकलं, की हात काय, नाकातली चमकीसुद्धा दिसेल. बोलून गेल्यावर त्यांना घाम फुटला, पण दिलेला शब्द म्हणजे आवक-जावक रजिस्टरात नोंदलेला कागद, तो परत घेता येत नाही.

पंचनाम्याला हवालदार सूर्यभान आले. मोठ्या मिशांचे, सावकाश लिहिणारे गृहस्थ. पंच म्हणून गुरुजी आणि छबूबाई उभे राहिले. वस्तूचा नंबर काय, असं सूर्यभाननी विचारलं. नंबर पोस्टातून काढलेल्या टीव्हीच्या लायसन्सवर होता आणि लायसन्स, तपासनीस आला तर हाताशी असावं म्हणून, सुमंतरावांनी टीव्हीच्याच पाठीला चिकटवून ठेवलं होतं. मग ओळखीची खूण सांगा, असं सूर्यभान म्हणाले. सुमंतराव खरेपणाने म्हणाले, "पडद्यावर मुंग्या दिसतात." सूर्यभाननी लिहून घेतलं, "टीव्हीत मुंग्या हायेत." हे वाक्य सुमंतरावांच्या डोळ्यांना कुसळासारखं टोचलं. सरकारी कागदावर असली भाषा त्यांना बघवेना. त्यांनी हवालदारांच्या हातातून पेन घेतलं, ते वाक्य खोडलं आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, "सदर संचाच्या पडद्यावर मुंग्या असून त्या कायमस्वरूपी आहेत." खाली सही, तारीख. गुरुजींची सही, छबूबाईंचा अंगठा. सूर्यभाननी तो कागद लांब धरून दोनदा वाचला आणि म्हणाले, की भाऊसाहेब, नोकरीत एवढं कायम आमी बी न्हाई.

आता नवा टीव्ही. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढायचे तर कारण लागतं, आणि मान्य कारणं तीनच, ती म्हणजे लग्न, आजारपण आणि घरदुरुस्ती. अँटेना छपरावर असतो, तेव्हा टीव्ही ही घरदुरुस्तीच आहे, असं सुमंतरावांनी मनाशी ठरवलं आणि अर्ज केला. अर्ज रीतसर फिरत त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी तो वाचला. अर्जदार सज्जन वाटत होता, पण सवयीने त्यांचा हात शेऱ्याच्या रकान्याकडे गेला आणि त्यांनी लिहिलं, "छपरास नेमके काय झाले आहे, याचा खुलासा घ्यावा." मग अर्जदार या नात्याने खुलासा लिहिला. तो त्यांना समाधानकारक वाटला नाही. दोन दिवस त्यांचा स्वतःशी असा पत्रव्यवहार चालला. शेवटी साहेबांनीच विचारलं, की देवचक्के, वहिनींचा कार्यक्रम शुक्रवारीच ना? आणि सही करून टाकली.

पोस्टात वेगळीच तऱ्हा. नव्या टीव्हीला नवं लायसन्स हवं तर जुनं रद्द झालं पाहिजे, जुनं रद्द करायचं तर ते हजर केलं पाहिजे, आणि ते तर चोराकडे. तुमच्या रजिस्टरातून नंबर काढून द्या म्हणावं तर त्या महिन्याचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. घरी मुंग्या, इथे वाळवी. खिडकीतल्या गृहस्थांनी सहानुभूतीने सुचवलं, की चोर सापडला तर त्याला घेऊनच या, दोघांचं काम एकदम होईल.

बाजारातले बन्सीशेठ रेडिओ आणि गॅसबत्त्या विकत. त्यांनी पुण्याहून टीव्ही मागवला आणि तो बुधवारी दुपारी मालट्रकमधून, साबणाच्या खोक्यांवर बसून आला. आळीने तो वाजतगाजत घरात नेला. वाजतगाजत म्हणजे खरोखरच, कारण बँडवाल्याचं घर त्याच आळीत होतं आणि तो रिकामाच होता. नीलांबरीबाईंनी टीव्हीला ओवाळलं. बटण दाबलं. सगळी आळी पुढे सरकली.

मुंग्या आल्या.

"त्याच आहेत," गुरुजी चष्मा सावरत म्हणाले. "अगदी ओळखीच्या."

आळीला आनंदच झाला. चोराने टीव्ही नेला तरी मुंग्या घर विसरल्या नाहीत, याचं लोकांना कौतुक वाटलं. नीलांबरीबाई मात्र उठून आत गेल्या आणि बराच वेळ नुसतं पीठ चाळत राहिल्या. तो चाळणीचा आवाज ऐकून सुमंतरावांना फार वाईट वाटलं.

गुरुवारी त्यांनी रजा टाकली. कारण: घरदुरुस्ती. अँटेनाच्या चाळीस फुटांच्या नळाला आणखी वीस फूट जोडले. ते छपरावर चढून अँटेना फिरवत आणि खाली विचारत, दिसतंय का? दारातला माणूस ते आत सांगे, आतला पडद्याजवळच्या गुरुजींना सांगे, गुरुजी नीट निरखून, शुद्ध वाक्यात उत्तर देत, आणि ते उत्तर उलट्या वाटेने छपरावर पोचेपर्यंत अँटेना भलतीकडे गेलेला असे. एकदा वरून जी शाबासकी ऐकू आली ती चार दिशांपूर्वीची होती. बन्सीशेठ म्हणाले तोंड पुण्याकडे करा. गुरुजी म्हणाले सिंहगड पुण्याच्याही नैर्ऋत्येला आहे, इतिहासात आहे. छबूबाई म्हणाल्या, की ही लोकांची नजर हाय, दुसरं काय बी न्हाई, आणि त्यांनी नळाला बिब्बा आणि लिंबू-मिरची बांधायला लावली. संध्याकाळपर्यंत सुमंतरावांचं नाक उन्हाने सोललं आणि मुंग्या मात्र पूर्वीपेक्षा धष्टपुष्ट झाल्या.

शुक्रवार उजाडला. दुपारी तीन वाजता सूर्यभान सायकलवरून घाम पुसत आले. पुणे रस्त्यावर सुप्याजवळ टेकाडावर गोरक्ष नावाच्या माणसाचं हॉटेल होतं. तिथे आठवड्यापासून एक टीव्ही चालू होता आणि चहाचा खप तिपटीने वाढला होता. गोरक्षने तो घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात, रुमालाखाली बोटं धरून सौदा करून, एका अनोळखी माणसाकडून दुभत्या म्हशीच्या बदल्यात घेतला होता. पाठीवर कागद चिकटवल्याच्या खुणा होत्या, कागद नव्हता. ओळख पटवायला फिर्यादी आणि दोन्ही पंच हवेत, आजच.

"आज साडेसातला कार्यक्रम आहे," सुमंतराव कासावीस होऊन म्हणाले.

"मंग तिथंच बगा की," सूर्यभान म्हणाले. "तिथं लई साफ दिसतंय म्हनं."

हे ऐकताच नीलांबरीबाई ठेवणीतलं लुगडं नेसायला आत पळाल्या. पाचच्या एस.टी.त पाचजण चढले. सुमंतराव, नीलांबरीबाई, गुरुजी, छबूबाई आणि मांडीवर सील करायची लाख, दोरा, गोणपाट घेतलेले सूर्यभान. एस.टी. चास गावाच्या चढाला धापा टाकू लागली. पंचेचाळिशीतले सुमंतराव चौदा वर्षांच्या मुलासारखे पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर डोकावत होते. नीलांबरीबाई ओठांतल्या ओठांत कृती म्हणत होत्या. फोडणी, पाणी, आणि मग मीठ. इथे त्या थांबत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

हॉटेलात पाऊल ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर, बाकांवर, खिडकीच्या गजांना धरून माणसं. आणि समोर, फडताळावर, टीव्ही.

सुमंतरावांनी तो एका नजरेत ओळखला. दिवाळीत पूजा करताना उदबत्ती टेकून कोपऱ्यावर पडलेला डाग, त्याच्याशेजारी नीलांबरीबाईंच्या बोटाचं फिकट कुंकू. त्यांचाच टीव्ही. पण पडद्यावर एक माणूस शेतीबद्दल बोलत होता आणि त्याच्या शर्टाची तुटलेली गुंडीसुद्धा दिसत होती. सुमंतराव आ वासून पाहत राहिले. त्यांच्या घरात त्याने महिनोन् महिने तोंड दाखवलं नाही, आणि इथे परक्याच्या दारात हा असा हसतखेळत बसला होता. त्यांना थोडा रागही आला.

घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झाली होती. सूर्यभाननी पंचनाम्याचा कागद काढला.

"भाऊसाहेब, हा तुमचाच का? हो म्हना, की हितंच बंद करून सील करतो. मुद्देमाल हाय, येक मिनिट चालू ठेवता येनार न्हाई. कोरटातून सुटंल तवा घरी येईल."

गोरक्ष हात जोडून उभा होता. आपली म्हैस गेली आणि आता टीव्हीही चालला, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. खोलीतल्या साठ-सत्तर माणसांनी सुमंतरावांकडे पाहिलं. नीलांबरीबाईंनी मात्र पाहिलं नाही. त्या पदराचं टोक मुठीत धरून पडद्याकडे बघत होत्या. एकदा लाखेच्या त्या कांडीकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी ती पटकन वळवली. हट्ट करायची त्यांना सवयच नव्हती.

सुमंतरावांनी घसा साफ केला. आस्थापना शाखेतली चोवीस वर्षं त्यांच्या मदतीला धावून आली.

"हवालदार, खूण वाचा."

"सदर संचाच्या पडद्यावर मुंग्या असून त्या कायमस्वरूपी आहेत."

"या संचावर मुंग्या आहेत?"

सूर्यभाननी पडद्याजवळ जाऊन पाहिलं. "न्हाई."

"कायमस्वरूपी म्हणजे ज्या कधीही जात नाहीत त्या. ज्या अर्थी इथे नाहीत, त्या अर्थी हा संच माझा नाही. कागदावर माझी सही आहे. मी सहीबाहेर जाणार नाही."

गुरुजींनी तोंड उघडलं. त्यांनाही डाग दिसला होता. पण छबूबाईंनी त्यांच्या पायावर असा काही पाय दिला, की त्यांनी ते मिटून घेतलं आणि आपलाही दुजोरा असल्याचं मान हलवून कळवलं. सूर्यभाननी एकदा टीव्हीच्या कोपऱ्याकडे पाहिलं, एकदा नीलांबरीबाईंकडे. मग लाख, दोरा आणि गोणपाट त्यांनी बाकाखाली सरकवलं आणि टोपी काढून ते जमिनीवरच मांडी घालून बसले.

आणि साडेसात वाजले.

आधी पातेलं दिसलं. मग दोन हात, काचेच्या बांगड्या, आणि मग सबंध नीलांबरीबाई. खोलीत एकच गलका झाला. कुणीतरी म्हणालं, की अरं, ही तर हितं बसलीया. मागचे लोक एकदा पडद्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघून ताळा करू लागले. नाकातली चमकी दिसत होती. शेंगोळे वळताना करंगळी जराशी वर उचलायची त्यांची सवयही दिसत होती. ती सुमंतरावांनी एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती आणि आता ते तिच्याकडेच पाहत राहिले. आपली बायको दिसायला चांगली आहे, हे त्यांना सुप्याला, हॉटेलात कळलं. त्या भरात त्यांनी गोरक्षच्या खांद्यावर हात ठेवला.

फोडणी झाली. पाणी पडलं. पडद्यावरच्या नीलांबरीबाईंनी डब्यातून मीठ घेतलं आणि पाण्यात टाकलं. चांगलं चमचाभर.

"टाकलं," खाली बसलेल्या नीलांबरीबाई पुटपुटल्या. सगळ्यांना ऐकू येईल एवढा मोठा सुस्कारा त्यांनी सोडला. "टाकलं गं बाई."

तेवढ्यात पडद्यावर ती गोड आवाजाची मुलगी आली आणि तिने विचारलं, की हुलगे पचायला जड नसतात का? पडद्यावरच्या नीलांबरीबाई तिच्याकडे वळल्या, नीट समजावून सांगू लागल्या, आणि सांगता सांगता त्यांचा हात आपोआप मिठाच्या डब्यात गेला. पुन्हा चमचाभर. कुठेही मुंगी नाही. खडा न् खडा दिसला.

बाकावरच्या एकाने शेजाऱ्याला कोपर मारलं.

"दोनदा पडलं की वं," छबूबाई म्हणाल्या.

पुढे पडद्यावर शेंगोळे शिजले, वाढले गेले, त्या मुलीने आभार मानले. नीलांबरीबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या वळून नवऱ्याकडे पाहत होत्या. भरलेली ती ताटली, शेवटच्या थेंबापर्यंत. चांगले झालेत. स्टँडवरचा नळ. मुंबईचा उकाडा. हे सगळं एकापाठोपाठ एक त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना सुमंतरावांना दिसलं. ते गडबडले आणि उगीचच छताकडे पाहू लागले.

"मी विचारत होते तेव्हा..."

"मीठ होतं ना, असं तू विचारलं होतंस," सुमंतराव म्हणाले. "मी होतं म्हणालो. किती, ते विचारलं नव्हतंस."

गोरक्ष धावतच आला. आता भाऊसाहेब काय घेणार? भजी, मिसळ, चहा, पैशाचं नाव काढायचं नाही. सूर्यभाननी भजी सांगितली. गुरुजींनी मिसळ सांगितली. नीलांबरीबाईंनी डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या.

"ह्यांना आधी पाणी द्या," त्या गोरक्षला म्हणाल्या. "चांगला तांब्याभर."